घरातील पहिली मच्छरदाणी कोणाची?

(माता-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा विस्तारून)



शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात मच्छरदाणीवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. परीक्षांचे निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे उच्च शिक्षण असे विषय सोडून हे काय मध्येच, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जे मूल सहा वर्षांनी आपल्या शाळेच्या बाकावर येऊन बसणार, त्याची पहिली इयत्ता आईच्या पोटात सुरू होते. तेथे ते अशक्त राहिले, अपुऱ्या दिवसांचे जन्मले, तर आपण पुढे कितीही चांगले शिक्षक नेमले तरी त्या मुलाला उरलेल्यांच्या मागून धावावे लागते. म्हणून हा विषय आपल्याच कामाचा आहे, असे मी मानतो. हे भाषण आता छापून आपल्या हाती येत आहे. आपण ते घरी मोठ्याने वाचावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्या वडीलधाऱ्या बायकांनाही ऐकवावे.

प्रथम एक साधा प्रश्न विचारतो. आपल्या घरात माणसे आठ, खाटा चार आणि मच्छरदाणी एकच आहे, असे समजा. ती आज रात्री कोणाच्या खाटेवर लागते? बहुतेक घरांत ती कर्त्या पुरुषाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या खाटेवर लागते. जावईबापू मुक्कामाला आले तर ती त्यांच्याकडे जाते. तान्हे मूल असेल तर त्याच्यावर लागते, आणि ते योग्यच आहे. पण दोन जिवाची सून कोठे झोपते? ती सर्वांची जेवणे आटोपून, भांडी घासून, शेवटी कोपऱ्यात सतरंजी टाकून पडते. पहाटे सर्वांच्या आधी तीच उठते. त्या घरात डासांच्या तोंडी सर्वांत जास्त कोण सापडते, हे आपणच ठरवा.

गरोदर बाईला मलेरिया झाला म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. मलेरियाचे जंतू माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशींत शिरून वाढतात, हे आपण शाळेत शिकलो. त्यांपैकी फाल्सिपेरम जातीच्या जंतूची एक खोड आहे. तो ज्या पेशीत शिरतो ती पेशी चिकट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसते. एरवी अशा पेशी शरीरात इतरत्र अडकतात. पण बाई गरोदर राहिली की तिच्या शरीरात एक नवा अवयव तयार होतो, तो म्हणजे वार. आईच्या रक्तातील अन्न आणि प्राणवायू बाळाला मिळतो तो या वारेतून. जंतूने भरलेल्या पेशींना चिकटायला ही वार म्हणजे नवी आणि मोकळी जागा सापडते. तेथे त्या थव्याने साचतात. बोटाच्या रक्ताच्या तपासणीत जंतू थोडे दिसावेत किंवा दिसूच नयेत, आणि वारेत मात्र ते भरलेले असावेत, असेही होते. बाळाच्या ताटात येणारे अन्न वाटेतच अडते. आईच्या अंगातील रक्त कमी होते, मूल हलके जन्मते, कधी दिवस भरण्याआधी जन्मते, कधी पोटातच जाते.

आपल्याकडे व्हायवॅक्स जातीचा मलेरियाही आढळतो. तो सौम्य समजला जातो, परंतु गरोदरपणात तोही रक्त कमी करतो आणि बाळाचे वजन घटवतो. याचा पुरावा शेजारच्याच मुलखात मिळालेला आहे. जबलपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डॉ. नीरू सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मलेरियाच्या रुग्णांची तीन वर्षांची नोंद तपासली. ते काम १९९९ साली प्रसिद्ध झाले. गरोदर स्त्रियांत मलेरियाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते आणि पहिलटकरणींत ते सर्वांत जास्त होते. मलेरिया झालेल्या मातांच्या १५५ बाळांचे सरासरी वजन, मलेरिया न झालेल्या मातांच्या १७५ बाळांपेक्षा ३५० ग्रॅमने कमी भरले. साडेतीनशे ग्रॅम म्हणजे जवळजवळ दीड पाव. बाजारात दीड पाव ही मोठी गोष्ट नव्हे. पण जन्मतः अडीच किलोखालच्या मुलाच्या बाबतीत ते जगणे आणि न जगणे यांतील अंतर ठरू शकते.

यावर कोणी म्हणेल, “साहेब, हे खरे, पण बडनेऱ्यात आता मलेरिया राहिला आहे कोठे?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख माणसे त्याने मरत, असा अंदाज होता. १९५३ साली नियंत्रणाची आणि १९५८ साली निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. घराघरांत डी.डी.टी.ची फवारणी झाली. १९६१ साली रुग्णसंख्या पन्नास हजारांच्या आसपास उतरली. रोग गेला असे समजून सर्वत्र ढिलाई आली, डासही डी.डी.टी.ला सरावले, आणि १९७६ साली रुग्ण चौसष्ट लाखांच्या वर गेले. आपल्यापैकी वयस्क मंडळींना घरोघर येऊन रक्ताचा थेंब घेणारे मलेरिया कर्मचारी आणि दारामागे खडूने लिहिलेल्या तारखा आठवत असतील. त्यानंतर पुन्हा उतार सुरू झाला. २०१५ साली देशात सुमारे ११ लाख ६९ हजार रुग्णांची नोंद झाली, ती २०२३ साली सव्वादोन लाखांच्या आसपास आली. २०३० पर्यंत मलेरिया नाहीसा करायचा, असे उद्दिष्ट सरकारने २०१६ साली जाहीर केले आहे. हे यश मोठे आहे, यात शंका नाही.

तरी आपल्या बाबतीत दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली गोष्ट अशी की, बडनेरा हे जंक्शन आहे. मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या येथे थांबतात, अमरावतीचा फाटा येथून फुटतो. आपल्याच जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे दोन तालुके आहेत, आणि मेळघाट म्हणजे थंडीतापाचा मुलूख ही जुनी ख्याती आहे. पूर्वेला गडचिरोली हा तर राज्यातील मलेरियाचा मुख्य जिल्हा आहे. सोयाबीन काढणीला, कापूस वेचणीला, वीटभट्टीवर मेळघाटातील मजूर कुटुंबे दरवर्षी खाली मैदानात येतात. इकडचे लोक नोकरीनिमित्त तिकडे जातात. आपल्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेली एखादी मुलगी उद्या शिक्षिका, परिचारिका किंवा अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून धारणीकडे रुजू झाली, तर ती लग्नाच्या आणि पहिल्या बाळंतपणाच्या वयातच तिकडे जाणार. माणसाच्या रक्तातील जंतूला तिकीट लागत नाही, आणि ते डासांमार्फत दुसऱ्यापर्यंत पोहोचवायला लागणारा डास मैदानी गावांतही आहे, शहरातील टाक्यांतही आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जेथे मलेरिया बारमाही असतो तेथील माणसांच्या अंगात लहानपणापासून वारंवार ताप येऊन थोडीफार प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. आफ्रिकेतील अशा भागात मुख्यतः पहिलटकरणींना जास्त धोका असतो, पुढच्या बाळंतपणांत तो कमी होत जातो. आपल्यासारख्या तुरळक मलेरियाच्या प्रदेशातील बाईच्या अंगात अशी शक्ती नसते. तिला मलेरिया झाला की तो जोराने होतो, मेंदूपर्यंत जाऊ शकतो, मग ते बाळंतपण पहिले असो की चौथे. म्हणजे रुग्ण कमी झाले म्हणून एकेका गरोदर बाईचा धोका कमी झाला, असा हिशेब चुकीचा आहे. रोग क्वचित येतो, पण आला की जड जातो.

आता डासाविषयी थोडे बोलू. मलेरिया पसरवते ती ॲनॉफिलीस जातीची मादी. ग्रामीण भागात मुख्यतः ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस हा डास हे काम करतो. तो ओढे, कालवे, विहिरी, साचलेले स्वच्छ पाणी यांत वाढतो. डोंगराळ जंगलात ॲनॉफिलीस फ्लुविएटिलिस असतो, त्याला वाहत्या झऱ्याचे पाणी आवडते. शहरात स्टीफेन्सी हा डास टाक्या, हौद आणि कूलरमध्ये वाढतो. हे सर्व डास चावतात ते दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत. मच्छरदाणीचा उपयोग होतो तो म्हणूनच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्याच्यासाठी आठवड्याला कूलर रिकामा करून घासणे, पाण्याची भांडी झाकणे हे उपाय वेगळे करावे लागतात. दोन्ही डासांची गल्लत करू नये.

गरोदर बाईकडे डास जास्त येतात, ही म्हाताऱ्या बायकांची समजूत आहे असे कोणी म्हणेल, पण ती प्रयोगाने खरी ठरली आहे. आफ्रिकेतील गांबिया देशात झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात गरोदर स्त्रियांकडे इतर स्त्रियांच्या दुप्पट ॲनॉफिलीस डास आकर्षित झाल्याचे आढळले. भरत आलेल्या दिवसांत बाईचा श्वास जास्त हवा बाहेर टाकतो आणि तिच्या पोटाची त्वचा थोडी अधिक गरम असते. डास उच्छ्वासाच्या आणि उष्णतेच्या मागावर येतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, आणि ती प्रत्येक आईला पटेल. गरोदर बायका लघवीसाठी रात्री इतर बायकांच्या दुप्पट वेळा मच्छरदाणीबाहेर पडत होत्या. म्हणजे ज्या बाईला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तीच रात्री जास्त वेळा उघड्यावर येते.

बाजारात मिळणारी साधी मच्छरदाणी आणि कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी यांत फरक काय? साधी मच्छरदाणी ही केवळ भिंत आहे. तिला भोक पडले, झोपेत हात तिला टेकला, की डास बाहेरूनच रक्त घेतो आणि निघून जातो. औषध लावलेल्या मच्छरदाणीवर डास बसला की त्याचे पाय औषधाला लागतात. तो एकतर बिथरून पळतो किंवा मरतो. त्यामुळे ती थोडी फाटलेली असली तरी काही प्रमाणात काम देते, आणि वस्तीतील बहुतेक घरांनी ती वापरली तर ज्यांच्याकडे नाही त्यांनाही थोडा फायदा मिळतो, कारण डासच कमी होतात. पूर्वी साध्या मच्छरदाण्या गावोगाव औषधाच्या पाण्यात बुडवून देत आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा बुडवाव्या लागत. पुढे कारखान्यातच धाग्यात किंवा धाग्यावर औषध बसवलेल्या टिकाऊ मच्छरदाण्या आल्या. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या २००९ पासून आल्या. अशी मच्छरदाणी वीस धुण्यांपर्यंत आणि साधारण तीन वर्षे काम देईल, अशी अपेक्षा असते.

तिचा गरोदरपणात उपयोग किती, याचा हिशेब झालेला आहे. निरनिराळ्या देशांतील चाचण्या एकत्र पडताळून पाहणारा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील चाचण्यांत औषधी मच्छरदाणी वापरणाऱ्या स्त्रियांत कमी वजनाची बाळे सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाली, आणि पहिल्या चार बाळंतपणांत गर्भ जाण्याचे प्रमाण एकतृतीयांशाने घटले. थायलंडमधील चाचणी आपल्यासारख्या कमी मलेरियाच्या आशियाई भागातील आहे. तेथे औषधी मच्छरदाणीची तुलना साध्या मच्छरदाणीशी केली होती. औषधी मच्छरदाणीत झोपणाऱ्यांत रक्तक्षय आणि गर्भ जाणे कमी आढळले, मात्र बाळाच्या वजनात फरक दिसला नाही. सांगायचे ते पुरते सांगितले पाहिजे, म्हणून हेही सांगतो. आपल्याच देशात ओडिशाने ‘मो मशारी’ म्हणजे ‘माझी मच्छरदाणी’ नावाची योजना काढून गरोदर स्त्रियांना आणि आदिवासी निवासी शाळांतील मुलांना अशा मच्छरदाण्या दिल्या. पुढे २०१७ साली तेथे एक कोटीहून अधिक मच्छरदाण्या वाटल्या गेल्या. तपासणी आणि उपचारांची जोड होतीच. त्यानंतर तेथील मलेरिया झपाट्याने उतरला.

आता वऱ्हाडातील माणसाच्या मनात येणारी शंका. कीटकनाशक म्हटले की आपल्याला फवारणीचा पंप आणि वास आठवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. मग गरोदर बाईच्या अंगावर कीटकनाशकाचे कापड कसे लावायचे, असे सासूबाईंनी विचारले तर त्यांना वेड्यात काढू नये. त्यांची काळजी रास्त आहे. उत्तर असे आहे. मच्छरदाणीवर वापरतात ती औषधे पायरेथ्रॉइड वर्गातील असतात. शेवंतीच्या कुळातील एका फुलात डास मारणारे द्रव्य असते, त्याच्या धर्तीवर ती बनवलेली आहेत. डेल्टामेथ्रिनच्या एका प्रचलित मच्छरदाणीवर चौरस मीटरला सुमारे ५५ मिलिग्रॅम औषध असते. सबंध मच्छरदाणीचे मिळून ते एक ग्रॅमही भरत नाही आणि ते धाग्याला धरून असते. एवढे प्रमाण डासाला पुरते, माणसाचे शरीर ते मोडून टाकते. जागतिक आरोग्य संघटना मलेरियाच्या भागातील गरोदर स्त्रियांना ही मच्छरदाणी शक्य तितक्या लवकर द्या, असेच सांगते. नवीन मच्छरदाणी पाकिटातून काढल्यावर एक दिवस सावलीत टांगून ठेवावी, म्हणजे सुरुवातीला होणारी डोळ्यांची किंवा त्वचेची चुरचुर टळते.

परंतु एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. घरात कपाशीसाठी आणलेले औषध पाण्यात कालवून त्यात साधी मच्छरदाणी बुडवण्याचा उद्योग कोणीही करू नये. शेतातले औषध आणि मच्छरदाणीचे औषध एक नव्हे. तसे केले तर डासाआधी माणूस आजारी पडेल.

मच्छरदाणी सांभाळण्याची रीत सोपी आहे. ती साध्या साबणाने गार पाण्यात, हलक्या हाताने धुवावी, वर्षातून तीन-चार वेळांहून जास्त नको. सोडा, ब्लीचिंग वापरू नये, दगडावर आपटू नये. सावलीत वाळवावी, कारण उन्हाने औषध मरते. धुतलेले पाणी नाल्यात, तळ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये, ते माशांना विषारी असते. भोक पडले तर सुईदोरा घ्यावा. रात्री तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. उन्हाळ्यात आपण अंगणात, गच्चीवर खाटा टाकतो. तेथे खाटेच्या चार पायांना चार काठ्या बांधल्या की काम होते.

खरी अडचण मच्छरदाणीच्या किमतीची नाही, वापरण्याची नाही, ती घरातील रिवाजांची आहे. मला चार गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट लपवण्याची. आपल्या घरांत पहिले तीन महिने बातमी फोडत नाहीत. नजर लागेल, काही बरेवाईट होईल, अशी भीती असते. पण थायलंड-म्यानमार सीमेवरील स्त्रियांच्या अभ्यासात, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, पहिल्या तीन महिन्यांत मलेरियाचा एक झटकाही गर्भपाताचा धोका सुमारे तिप्पट-चौपट वाढवतो असे दिसले. म्हणजे ज्या दिवसांत घर गप्प असते त्याच दिवसांत धोका मोठा असतो. यावर माझा उपाय असा की, बातमीची वाट पाहूच नये. मुलीच्या लग्नात नातलगांनी दिखाऊ भांडीकुंडी देण्याऐवजी एक चांगली औषधी मच्छरदाणी द्यावी. नवी सून पहिल्या रात्रीपासून मच्छरदाणीत झोपू लागली, तर दिवस गेल्याचे कोणाला सांगण्याची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट माहेरची. पहिले बाळंतपण माहेरी होते. सातव्या महिन्यात मुलगी निघते तेव्हा तिच्या सामानात साड्या असतात, फळे असतात, मच्छरदाणी मात्र सासरी खिळ्यालाच राहते. शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस ती माहेरी राहणार. ज्या आईवडिलांचे गाव मेळघाटच्या पायथ्याशी आहे, त्यांच्याकडे तर ती मच्छरदाणी आधी पोहोचली पाहिजे. मच्छरदाणी घराची नव्हे, बाईची, असे समजावे. बाई जाईल तेथे ती गेली पाहिजे. बाळ झाल्यावर त्याच मच्छरदाणीत आई आणि बाळ दोघे झोपतात. म्हणजे तिचा खर्च दोनदा वसूल होतो.

तिसरी गोष्ट कामाची. सून रात्री अकराला मच्छरदाणीत शिरून पहाटे चारला बाहेर येत असेल, तर मच्छरदाणी अर्धीच वापरली. रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०१२ ते २०१४ या काळात तो भर पावसाळ्याच्या सुमारास आला होता, आणि पुढेही तो पावसाळ्याच्या अखेरीस येणारच आहे. तेव्हा सहरीसाठी चूल पेटवायला उठते ती घरातील बाई. गरोदर बाईला रोज्यातून सवलत आहे हे आपण सर्व जाणतो. मग तिला चुलीतूनही सवलत द्यायला काय हरकत आहे? नवऱ्याने, दिराने, नणंदेने अन्न गरम केले तर आभाळ कोसळत नाही. रात्री भांडी राहिली तर ती सकाळी घासता येतात. आणि रात्री लघवीसाठी उठावे लागले तर सोबत कोणी असावे, अंगभर ओढणी घ्यावी, परत येताच कडा पुन्हा खोचाव्यात, आत डास शिरला का ते पाहावे.

चौथी गोष्ट मानाची. घरातील चांगली वस्तू मोठ्या माणसाला, ही आपली रीत चांगली आहे. तिने घराचा आदर टिकवला आहे. पण मच्छरदाणी हा मान नव्हे, ते औषध आहे. औषधाची गोळी आपण घरातील वडील माणसाला आधी देत नाही, ज्याला दुखते त्याला देतो. हाच नियम येथे लावावा. आणि हे सुनेने सांगायचे नाही, तिला सांगता येणार नाही. हे सासऱ्यांनी किंवा सासूबाईंनी आपल्या तोंडाने सांगितले पाहिजे, “बेटी, आजपासून मच्छरदाणी तुझ्या खाटेवर.”

मच्छरदाणीने सर्व होते असेही समजू नका. डास संध्याकाळी, झोपण्याआधीही चावतो. काही भागांत डास या औषधांना सरावले आहेत, म्हणून दोन प्रकारची द्रव्ये असलेल्या नव्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली. त्यामुळे गरोदर बाईला ताप आला, थंडी वाजली, नुसते डोके जड झाले, तरी त्याच दिवशी रक्त तपासावे. आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. गरज पडली तर इर्विन, डफरीन दूर नाही. उरलेल्या गोळ्या घरच्या घरी देऊ नयेत. व्हायवॅक्ससाठी क्लोरोक्विन गरोदरपणात चालते, परंतु प्रायमाक्विन चालत नाही, आणि फाल्सिपेरमचे उपचार डॉक्टरांनीच ठरवायचे असतात. एक गोष्ट अविवाहित मुलींच्या आयांनी लक्षात ठेवावी. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. मुलीला मलेरिया झाला असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा क्रम पुरा करून घ्यावा. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या सोडू नयेत. तो दडलेला जंतू गरोदरपणात डोके वर काढू शकतो, आणि त्याला मच्छरदाणी अडवू शकत नाही.

शेवटी शाळेकडे वळतो. आपल्या जुन्या वस्तीतील आणि नव्या वस्तीतील मुली रोज येथे येतात. विज्ञानाच्या तासाला त्या डासाचे जीवनचक्र वहीत काढतात, अंडी, अळी, कोष आणि डास, आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळवतात. त्या चित्राच्या खाली शिक्षकांनी एक प्रश्न गृहपाठाला द्यावा. आमच्या घरात मच्छरदाण्या किती, आणि त्या कोणाच्या खाटेवर लागतात? उत्तराला गुण देऊ नयेत. मुलीने ते घरी जेवणाच्या वेळी सर्वांसमक्ष विचारावे, एवढेच पुरे. ज्या मुलीचे पुढे मेळघाटाकडे लग्न होईल किंवा नोकरी लागेल, तिला निरोप देताना संस्थेने हार-तुऱ्यांऐवजी एक मच्छरदाणी द्यावी, अशीही माझी कार्यकारिणीला सूचना आहे. खर्च थोडा आहे आणि त्याचा हिशेब पुढे पटावर मिळेल.

आपण हे वाचत असताना आपल्या घरात किंवा शेजारी कोणी दोन जिवाची बाई असेल, तर स्मरणिका मिटून आधी तिची खाट पाहून या.